परळची एक छोटी लॅब आणि ह्यांचं कमी झालेलं रक्त

परळ गावात, भोईवाड्याच्या अंगाला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ही लॅब आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच नको म्हणून सांगितलं, डॉक्टरांना जाहिरात चालत नाही म्हणे. मी म्हटलं, मी कुठे पैसे घेऊन लिहितेय? तरी नको म्हणाल्या. खाली झेरॉक्सवाला आहे आणि शेजारी उसाचं गुऱ्हाळ, एवढ्यावर परळकरांना कळेल.

मी लालबागला पोळीभाजी केंद्र चालवते. बायका पोळ्या लाटतात, भाज्या मी करते, डबे मुलगा पोचवतो. भाजीत मीठ कमी पडलं की दुपारी फोन येतो, तोंडावर ऐकवणारी गिऱ्हाइकंही कमी नाहीत. त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात गेले की माझंही लक्ष तिथेच जातं, पैसे किती घेतले आणि हातात काय दिलं.

तर पैसे आधी. सीबीसीचे, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचे, ३०० रुपये, आणि त्यातच काचपट्टीवर रक्त पसरून डॉक्टर स्वतः दुर्बिणीतून बघतात, त्याचे वेगळे घेत नाहीत. बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासणीचे ९००. ही तपासणी त्यांच्याकडे होत नाही, मशीन नाही. रक्त संध्याकाळी मोठ्या लॅबला जातं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपोर्ट येतो. हे काउंटरवर स्पष्ट लिहून लावलंय, ते मला आवडलं. आमच्याकडेही पुरणपोळी बाहेरून येते आणि मीही ते सांगते.

आता तिथे जायची वेळ का आली ते. आमचे हे माळकरी. विशी-बाविशीत गळ्यात माळ घातली ती आजतागायत, अंडंसुद्धा नाही. साखर आहे, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू. त्यात गॅसचा त्रास, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी. गॅस होतो म्हणून दूध सोडलं आणि कोरा चहा धरला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर हे दमायला लागले. जिना चढून आले की दाराला टेकून उभे. जीभ लाल, गुळगुळीत, आमटी तिखट नसतानाही झोंबायची. तळपायाला मुंग्या. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि ह्यांना पत्ताच नसायचा, मागून कोणीतरी हाक मारून सांगायचं. भजनात टाळ वाजवणारा माणूस ताल चुकायला लागला, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं.

जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. रक्त कमी आहे म्हणाले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. शौचाला काळं व्हायला लागलं, बद्धकोष्ठ झालं, दम होता तिथेच. मग मुलाने फोनवरून एका ॲपचं पॅकेज मागवलं. ७८ तपासण्या, १४९९ रुपये, घरी येऊन रक्त नेणार. सकाळी सातचा मुलगा साडेनऊला आला. साखरेच्या माणसाला तोवर उपाशी ठेवलेलं, हात थरथरायला लागले होते. त्या पोराला काय बोलणार, त्याला आणखी किती घरं लावलेली असतील. रिपोर्ट मात्र त्याच रात्री आला, सतरा पानी, रंगीत. आकृत्या आहेत, हृदयाचं चित्र आहे, लिव्हरचं चित्र आहे. तीन ठिकाणी लाल खूण होती. हिमोग्लोबिन ८.२, एमसीव्ही ११६ आणि बिलिरुबिन थोडं वर. व्हिटॅमिन डी तपासलं होतं. बी-१२ त्या पॅकेजमध्ये नव्हतंच, त्याच्या वरच्या पॅकेजमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून एका मुलीचा फोन. गोड बोलत होती. "सर, तुमचं बिलिरुबिन वाढलंय, लिव्हरचं पॅकेज घ्या, आज ४० टक्के सूट आहे." आणि रक्तासाठी बीट, डाळिंब, खजूर, गूळ. साखरेच्या माणसाला खजूर आणि गूळ! मी फोन हातात घेतला आणि विचारलं, ते ११६ काय आहे? ती म्हणाली, "मॅडम, तो टेक्निकल पॅरामीटर आहे." वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तोवर ह्यांचे डोळे पिवळट बघून कावीळ ठरवून टाकली होती आणि कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ताही आणून दिला होता.

अशा अवस्थेत आम्ही ह्या लॅबचा जिना चढलो. जिना मोठा वाईट आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

आत आठ खुर्च्या, एक पंखा, एसी फक्त मशीनच्या खोलीत. काउंटरवरच्या बाई मान वर न करता बोलतात. रक्त काढणारे एक वयस्क दादा आहेत, त्यांचा हात सोन्याचा. ह्यांची शीर सापडत नाही, ॲपवाल्या पोराने दोनदा टोचलं होतं. ह्या दादांनी दंडाला पट्टी बांधली, बोटाने चाचपलं, ह्यांना विठ्ठलाचं नाव घ्यायला सांगितलं आणि नाव पुरं व्हायच्या आत जांभळ्या झाकणाचा बल्ब भरला. सुई ह्यांच्यासमोर पाकिटातून काढली. हातमोजे नवे घातले. अशा गोष्टी मी बघते.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, ती त्यांच्या भिंतीवर मराठीत लिहिलेली आहे: सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही. दुसरी पाटी अशी की, केसांच्या-नखांच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा. मी दादांना विचारलं, केसांचा इथे काय संबंध? त्यांनी सांगितलं की त्या गोळ्यांमध्ये बायोटिन भरपूर असतं आणि काही मशीनवर त्याने बी-१२ चा आकडा चुकतो, असलेल्यापेक्षा जास्त दिसू शकतो. आमच्या सूनबाई त्याच गोळ्या खातात.

अर्ध्या तासाने डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. वय पन्नाशीचं, सुती साडीवर पांढरा कोट, चष्मा कपाळावर. ह्यांच्या गळ्यातली माळ बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, साखरेची गोळी किती वर्षं?" मग गॅसची किती वर्षं, दूध-दही किती, दारू, थायरॉईड, पोटाचं कधी ऑपरेशन. ह्यांनी "माऊली, दारूला शिवलो नाही" म्हटल्यावर हसल्या. दारूने, थायरॉईडने, लिव्हरच्या आजारानेसुद्धा तो एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा वाढतो, म्हणून विचारावं लागतं असं म्हणाल्या. ८० ते १०० असायला हवा, ह्यांचा ११६.

मग मला आत बोलावलं आणि दुर्बिणीतून बघायला लावलं. ही काही त्यांची रोजची सेवा नाही, मी प्रश्न फार विचारत होते म्हणून असेल. गुलाबी-करड्या रंगाचे गोल. शेजारी दुसऱ्या कोणाच्या तरी चांगल्या रक्ताची पट्टी लावून दाखवली, मग फरक डोळ्यांना कळला. ह्यांच्या रक्तातल्या लाल पेशी मोठ्या, बऱ्याचशा लांबोडक्या, आणि विरळ. मधेच एक जांभळ्या ठिपक्यांची पांढरी पेशी. तिच्या पोटातल्या केंद्राचे साधारण तीन-चार भाग असतात, ह्यांच्या पेशीत त्यांनी मला बोट धरून सहा मोजायला लावले. "हे दिसलं की मी बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असल्याची शंका घेते. लोह कमी असेल तर पेशी उलट बारीक आणि फिकट होतात."

मोठ्या का होतात, हे मला त्यांनी पेशीच्या केंद्रातल्या डीएनएवरून सांगितलं आणि मी ते माझ्या ओट्यावर आणून समजून घेतलं. परातीत पीठ मळलेलं तेवढंच आहे, पण गोळे तोडणारी बाईच आली नाही. तर शंभर पोळ्यांच्या जागी चाळीस होतील आणि त्याही जाड, बेढब. पेशीला दुभंगायला नवा डीएनए लागतो, आणि तो बनवायला बी-१२ आणि फॉलिक ॲसिड ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. ती नसली की पेशीचं अंग वाढत राहतं, केंद्र मात्र मागे राहतं. अशा पेशी पुष्कळशा हाडाच्या मगजातच मरतात, बाहेर रक्तात येतच नाहीत. मेलेल्या पेशी फुटून त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य सुटतं, म्हणून डोळे पिवळट. म्हणजे सूट देऊन विकायला काढलेल्या लिव्हर पॅकेजची गरज नव्हती आणि कावीळ उतरवणाऱ्याचीही. तिन्ही लाल खुणा एकाच कारणाच्या होत्या, आणि सतरा पानांत कोणी त्या एकमेकींना जोडून वाचल्या नव्हत्या.

बी-१२ दुसऱ्या दिवशी आलं: १०४. दोनशेच्या खाली कमी धरतात. फॉलिक ॲसिड तपासायचं का, हे मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "काकू, रोज पालेभाजी, चवळी, मूग खाणाऱ्या घरात ते कमी असायची शक्यता थोडी. आधी हे बघू, लागलं तर करू." हजारेक रुपये वाचले. कुठला दुकानदार असं सांगतो?

इतकी वर्षं माळ असून काही झालं नाही आणि आताच का, हा ह्यांचा प्रश्न. बाईंनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. बी-१२ भाजीपाल्यात नसतं. ते बनवतात सूक्ष्म जिवाणू, आणि आपल्यापर्यंत येतं मांस-मासे-अंडी-दुधातून. माळकऱ्याला दूध-दही-ताक हाच आधार, तो ह्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, ते गॅसच्या गोळीने कमी केलं. मग पोटातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला रक्तात शिरतं, आणि तिथे मेटफॉर्मिन आडवं येतं. यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून दुखणं सावकाश येतं आणि आलेलं कळत नाही. "पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत," हे त्यांनी दोनदा बजावलं. "औषध मी लिहिणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. मी त्यांना चिठ्ठी देते." दिली, स्वतःच्या अक्षरात, काचपट्टीवर काय दिसलं ते लिहून.

त्या चिठ्ठीत एक ओळ लाल शाईत होती, की नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नये. ह्याचं कारण ऐकून माझ्या पोटात गोळा आला. नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आकडा वर येतो, सगळे खूश. आणि बी-१२ वाचून नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मुंग्या, तोल जाणं, विसरणं, हे फार लांबलं तर पुरतं परत येत नाही. रक्त वाढवायच्या गोळ्यांत लोहासोबत बरेचदा फॉलिक असतं, आणि आमच्या केमिस्टकडे त्या कोणीही चिठ्ठीशिवाय मागतं.

नेहमीच्या फिजिशियनने इंजेक्शनं लिहिली. औषध लालभडक असतं, ह्यांना आधी वाटलं रक्तच देतायत. नंतर गोळ्यांवर आल्यावर वेगळंच निघालं. केमिस्टने कॅप्सूल दिली, ह्यांनी हातात घेऊन विचारलं, "माऊली, हे वरचं कवच कशाचं?" बरेचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. ह्यांनी ती परत केली. मी लॅबमध्ये फोन केला, औषधाचा प्रश्न त्यांचा नव्हता तरी बाईंनी सांगितलं की आतलं बी-१२ कारखान्यात जिवाणूंकडूनच बनवून घेतात, त्याला माळेची अडचण नाही, फक्त कॅप्सूलऐवजी साधी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या. माळकरी मंडळींनी हे लक्षात ठेवावं, पायाला मुंग्या आल्या की आपण ते वयावर ढकलतो.

आठवड्याने पुन्हा रक्त दिलं, नव्या पेशी बनायला लागल्यात का ते बघायला. त्या वाढलेल्या होत्या, म्हणजे औषध लागू पडलं. साधारण दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९. पुरुषाला १३ हवं, तिथे अजून पोचायचंय. जीभ आधी बरी झाली, दम नंतर गेला, तळपायाच्या मुंग्या कमी आहेत पण आहेत. मी बी-१२ पण पुन्हा करून घेऊ म्हटलं तर बाई म्हणाल्या, "इंजेक्शनं घेतल्यावर तो आकडा भरमसाट येणारच, ९०० रुपये कशाला घालवता? सीबीसी करा." उलट पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवायचं, की बी-१२ तपासायचं तर इंजेक्शन किंवा गोळी सुरू करायच्या आधी रक्त द्यायचं.

मग मी आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मुलीलाही तिथे पाठवलं. ती दुपारीच भिंतीला टेकून डोळे मिटायची. तिचं हिमोग्लोबिन ९.१, पण एमसीव्ही ६८, पेशी बारीक आणि फिकट. सरळसरळ लोह कमी. बायकांना १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालं होतं, तेव्हा ती काही एकटी नव्हे. तिला बाईंनी जेवणाला लागून चहा बंद करायला सांगितला आणि पालेभाजीवर लिंबू पिळायला, कारण क जीवनसत्त्वाने भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. तेव्हापासून मी डब्यात लिंबाची फोड देते. लिंबू महाग झालं की मनात येतं, पण देते. मेथी-पालक शिजवून पाणी ओतून द्यायची पद्धतही बंद केली, फॉलिक त्याच पाण्यात उतरतं आणि फार शिजवलं तर उष्णतेनेही जातं.

तिसरी आमची शेजारीण. तिचं रक्त कमी, पण एमसीव्ही अगदी बरोबर, ८८. मशीनने त्यावर लाल खूण केलीच नसती. काचपट्टीवर बारीक आणि मोठ्या, दोन्ही जातीच्या पेशी एकत्र निघाल्या. लोहही कमी, बी-१२ ही कमी, आणि सरासरी काढली की सगळं ठीक. डोळ्याने बघणारा माणूस लागतो तो ह्यासाठी.

लॅबच्या भिंतीवर हाफकिन ह्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा एक जुना फोटो आहे. तिथून चालत अंतरावर आहे ती. बाईंनी सांगितलं की १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर तिथे आल्या, मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, विशेषतः गिरणीत काम करणाऱ्या, मोठ्या पेशींच्या पांडुरोगाने, म्हणजे रक्त कमी होण्याच्या आजाराने, का मरतात ते शोधायला. माकडांवर प्रयोग केले, मग बायकांना मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिला आणि त्या बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. त्या अर्कात काय होतं हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं, ते हेच. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते तिचं एक मूळ आमच्या परळात आहे. माझ्या आजेसासूबाई गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या आणि त्यांच्या दोन जावा बाळंतपणात गेल्या. कशाने गेल्या हे घरात कोणाला सांगता येत नाही, "रक्त आटलं" एवढंच म्हणायचे.

आता तक्रारी. जिना अरुंद, पायऱ्या उंच, लिफ्ट नाही. रक्त कमी असलेल्या माणसाला हाच जिना चढायला लावायचा म्हणजे कमाल आहे. खाली आवाज दिला तर दादा रक्त काढायला उतरतात, पण हे कुठे लिहिलेलं नाही, आम्हाला दुसऱ्यांदा कळलं. शौचालय मजल्यावर सगळ्यांचं एकच आहे, लघवी तपासायची असेल तर त्याच्यासमोर रांग लावायची. काउंटरवरच्या बाई सुट्ट्या पैशांवरून ज्येष्ठांवर ओरडतात, मी एकदा त्यांना माझ्या गल्ल्यातली चिल्लर आणून दिली. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो पण फोटो तिरका, फिजिशियन वैतागतात, कागदच घ्या. घरी येऊन रक्त न्यायचे १५० रुपये घेतात आणि शिवडी, लालबाग, परळ, नायगाव एवढ्यातच येतात.

पाचपैकी चार तारे. रविवारी एकपर्यंतच उघडी असते. काचपट्टीबद्दल काही विचारायचं असेल तर सकाळी अकराच्या आधी जा, त्यानंतर डॉक्टरीणबाई दुसरीकडे जातात आणि काउंटरवर मान वर होत नाही.